थंडीत सेल्फ जड फिरतो, बॅटरी बदलूनही: पिकअपमध्ये नेमकं काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षं वापरातली, चार सिलिंडरची डिझेल पिकअप. कडाक्याच्या थंडीत सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून देणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो आणि तीन-चार वेळा मारल्यावर इंजिन कसंबसं सुरू होतं. दुपारी तीच गाडी एका झटक्यात सुरू होते. बॅटरी नवी टाकली, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता सेल्फ मोटर बदलावी का?

इतक्यात नको. तुमच्या प्रश्नातच एक मोठा धागा आहे: नवी बॅटरी आठवडाभर चालली. सेल्फ मोटरच मेली असती तर पहिल्या दिवशीही तो जडच फिरला असता. फरक पडला आणि मग विरला, याचा अर्थ नवी बॅटरी भरलेली होती तोवर तिने कुठलातरी दोष झाकला, आणि पुढे ती रिकामी होत गेली. म्हणजे शोधायच्या गोष्टी दोन: सेल्फकडे जाणारा करंट कुठे वाया जातोय, आणि बॅटरी पुन्हा भरत का नाही. बऱ्याचदा दोन्हींचं मूळ एकाच गंजलेल्या जोडात सापडतं.

थंडीचा वाटा किती, हे आधी समजून घ्या. शून्य अंश सेल्सिअसला बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद उन्हाळ्याच्या मानाने पाव ते एक तृतीयांशाने घटते, आणि उणे १८ अंशांना साधारण अर्धीच उरते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, त्यामुळे फिरवायला जोर जास्त लागतो. देणारा दुबळा आणि मागणारा जड, अशी दोन्हीकडून कोंडी. चांगल्या गाडीत दोन्ही सामावून जाईल एवढी शिल्लक ठेवलेली असते. ती शिल्लक दहा वर्षांत कुठेतरी गळालेली असते. थंडी फक्त चुगली करते.

मीटर काढण्याआधी कान लावा. सेल्फ "घर्रर्र… घर्र… घर्र…" असा जड, पण एका लयीत फिरत असेल तर प्रश्न विजेचा किंवा ऑइलचा. सेल्फ नेहमीच्याच वेगाने फिरतोय, पण इंजिन उठायला वेळ घेतंय, तर बॅटरी-वायरिंग सोडा आणि थेट ग्लो प्लग (थंड सिलिंडर आतून तापवणारे) व डिझेलकडे जा. नुसतं "टक-टक-टक" वाजत असेल तर व्होल्टेज इतकं पडतंय की सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो आणि सोडतो. आणि "भिर्रर्र" असा मोकळा आवाज येऊन इंजिन हललंच नाही तर सेल्फचा पिनियन (छोटं दातेरी चाक) इंजिनाच्या फ्लायव्हीलला धरत नाहीये. थंडीत तिथलं जुनं ग्रीस चिकट होतं तेव्हा असं होतं.

एक आवाज मात्र वेगळा ओळखायला हवा. सेल्फ बरा फिरता फिरता एकाच जागी "ठक्" करून अडकत असेल, आणि कूलंटची पातळी कारण नसताना उतरत असेल, तर चावी लगेच सोडा. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही. जोर लावत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. तिथे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून बघितल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नये.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो. तेव्हा तिकडेच जाऊ.

सकाळची पहिली दोन मापं

तपासणी सकाळीच करायची, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. दुपारी गरम इंजिनावर घेतलेली मापं या तक्रारीत काही सांगत नाहीत. डिजिटल मल्टिमीटर हवा, त्यात कमीत कमी आकडा धरून ठेवणारं "मिन" बटण असेल तर उत्तम, आणि चावी फिरवायला एक माणूस.

पहिलं माप: काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर व्होल्टेज. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे जेमतेम पाव. एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या तंतूंत शोषलेली) असेल तर भरलेली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली आकडा असेल तर पुढची कुठलीही चाचणी करण्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या; अर्ध्या बॅटरीवर घेतलेली मापं दिशाभूल करतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याचं ॲसिड मोजा. भरलेल्या खान्यात १.२६५ च्या आसपास आकडा येतो. सहापैकी एखादा खाना बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्त मागे असेल तर तो खाना गेला. बॅटरी नवी असो की जुनी.

दुसरं माप: मीटर त्याच खुंट्यांवर ठेवून सेल्फ मारायला सांगा आणि फिरत असताना व्होल्टेज किती राहतं ते बघा. चावी फिरवल्याक्षणी आकडा खोल जातो आणि लगेच थोडा वर येतो. तो पहिला खड्डा सोडून द्या, नंतर स्थिर राहणारा आकडा घ्या.

इथे निदान दोन वाटांना फुटतं. सेल्फ जड फिरतोय आणि तरी बॅटरीवर १०.८-११ व्होल्ट टिकून आहेत, तर बॅटरीला ओझंच पडत नाहीये. करंट वाटेत अडलाय: वायर, टर्मिनल, अर्थिंग (निगेटिव्हचा इंजिन-चेसिसशी जोड), सोलेनॉइडचे काँटॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन (आत घासून करंट पोचवणारे ब्रश). उलट सेल्फ जड आणि बॅटरी ९ व्होल्टच्याही खाली, तर एकतर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट खेचतोय. सौम्य हवेत, साधारण २० अंशांना, चांगली बॅटरी सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जात नाही. शून्य अंशाजवळ ९.१ पर्यंत चालवून घेता येतं. एवढ्या एका मापावर अर्धी तपासणी संपते, आणि गंमत म्हणजे हेच माप सगळ्यात कमी लोक घेतात.

तुमच्या पिकअपला दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर दोन्हींच्या वायरी सोडून वेगवेगळ्या मोजा. एक बसलेली असली की ती रात्रभर दुसरीला पीत राहते आणि जोडलेल्या अवस्थेत दोघी सारख्याच दिसतात. एकच नवी टाकली असेल तर तेही कारण पुरेसं आहे. अशा गाडीत दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या बदलायच्या.

वाटेतली गळती

वायर तपासायची म्हणून लोक मीटर ओहमवर लावतात किंवा "बीप" ऐकून समाधान मानतात. सेल्फच्या जाड वायरीसाठी ही चाचणी निरुपयोगी आहे. हिशोब बघा: अशा डिझेल इंजिनाचा सेल्फ थंडीत सहज २५० अँपिअर घेतो. जोडात फक्त ०.००४ ओहम अडथळा असला तरी २५० गुणिले ०.००४ म्हणजे पूर्ण १ व्होल्ट तिथेच जळतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच अडथळा ०.१ ते ०.३ ओहम असतो, त्याला हे ०.००४ दिसणार कुठून? पन्नासातली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते. हेडलाइट लागतात, हॉर्न वाजतो, आणि "करंट तर येतोय" असं वाटत राहतं.

म्हणून गळती मोजायची ती करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीच्या मधोमध टेकवा. खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामधली राखाडी पापुद्र्यासारखी थर हीच सगळ्यात मोठी चोर जागा असते, आणि क्लॅम्पवर टोक ठेवलं की ती मापातून निसटते. काळं टोक सेल्फवर, बॅटरीची जाड वायर येते त्या बोल्टवर. आता मीटर जवळपास शून्य दाखवेल. सेल्फ मारा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. ०.३ पर्यंत उत्तम, ०.५ ही शेवटची हद्द.

मग अर्थिंगची बाजू: काळं टोक निगेटिव्ह खुंटीवर, लाल टोक सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. इथे ०.२ च्या वर काही सहन करायचं नाही. आकडा जास्त आला तर लाल टोक एकेक पाऊल बॅटरीकडे सरकवत न्या: सेल्फची बॉडी, इंजिन ब्लॉक, अर्थच्या पट्टीचा इंजिनकडचा बोल्ट, पट्टीचं दुसरं टोक, चेसिस, निगेटिव्ह वायरीचा लग (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी), क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्या दोघांच्या मध्ये. एका जोडावर ०.१ पेक्षा जास्त दिसलं की तो खोलायचाच. प्रत्येक वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. मधल्या एखाद्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं तर त्या दिवसापुरतं माप संपलं. गरम इंजिनावर पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही.

शेवटी सोलेनॉइड. मीटरची दोन टोकं सेल्फवरच्या दोन जाड बोल्टांवर, एक बॅटरीकडून येणारा आणि दुसरा मोटरच्या पोटात जाणारा. चावी न फिरवता इथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतील, घाबरू नका, आतला काँटॅक्ट उघडा असतो. सेल्फ फिरताना हा आकडा ०.३ च्या आत यायला हवा. जास्त राहिला तर आतले तांब्याचे काँटॅक्ट जळून खड्डे पडलेत.

मीटर हाताशी नसेल तर दोन मिनिटांची एक युक्ती आहे. जंप स्टार्टची जाड काळी केबल घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या, कोऱ्या धातूवर, हलणाऱ्या बेल्ट-फॅनपासून दूर. आता सेल्फ मारा. तो एकदम हलका फिरला तर तुमची अर्थिंगची पट्टी गेली, बाकी तपास थांबवा. पिकअपमध्ये माझा पहिला संशय याच पट्टीवर असतो. ती चेसिसजवळ, चिखल-पाण्याच्या माऱ्यात असते. वरून विणलेली तांब्याची वेणी दिसते, बोटांनी चुरगळली की हिरवी भुकटी हातात येते. कोटिंग असलेल्या वायरीचं दुखणं लगाच्या मागे दोन-तीन इंचांवर दडलेलं असतं: तिथे वायर दाबून बघा, कडक किंवा फुगलेली लागली तर कोटिंग चिरून आत बघा.

दुरुस्ती साधी आहे, पण नीट करा. सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवा (सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका), कोरडं करा, खुंटी आणि क्लॅम्पचा आतला भाग तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. खराब वायर बदलताना निव्वळ तांब्याची, डिझेलसाठी ५० चौरस मिलिमीटरची घ्या आणि लग हायड्रॉलिक क्रिम्पने दाबून घ्या. हातोडीने चेपलेला लग दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवा होतो. चेसिसवर ज्या जागी लग बसतो तिथला रंग आणि गंज काढल्याशिवाय नवी पट्टी लावण्याला अर्थ नाही.

वायर चांगली, तरी सेल्फ जड

आता सेल्फवर येऊ. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या जाड वायरीवर लावा. दोन-अडीच लिटरच्या डिझेलला २०० ते ३०० अँपिअर ठीक. सेल्फपर्यंत व्होल्टेज पुरेसं पोचतंय, वेग कमी आणि करंटही कमी: कार्बन झिजलेत किंवा कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडलाय. सेल्फच्या बॉडीवर हलकी ठोक दिल्यावर तात्पुरता सुधारतो तो हाच. वेग कमी आणि करंट ४०० च्या वर: एकतर आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) आत घासतंय किंवा इंजिनच जड फिरतंय. सेल्फ खोलला की पुरावा समोर दिसतो. बुश झिजले असतील तर आर्मेचरच्या एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा असतो. मूळ लांबीच्या निम्म्यावर आलेले कार्बन बदला, कॉम्युटेटर साफ करा, रिडक्शन गिअरमधलं वाळलेलं ग्रीस काढून थंडीत पातळ राहणारं भरा. चांगल्या बॉडीचा सेल्फ एवढ्यावर सुधारतो. नवीन घ्यायची घाई करू नये.

इंजिन जड असण्याचं सगळ्यात साधं कारण ऑइल. डब्यावरचा "डब्ल्यू" च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो. एसएई च्या वर्गवारीत १५डब्ल्यू ची सेल्फ-चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यू ची उणे २५ ला, ५डब्ल्यू ची उणे ३० ला. म्हणजे ५डब्ल्यू-४० हे उणे ३० ला जेवढं घट्ट, साधारण तेवढंच १५डब्ल्यू-४० उणे २० लाच होतं. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर थंडीच्या तोंडावर १५डब्ल्यू-४० वरून ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० वर या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत मात्र कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल, निव्वळ आकडा जुळवून चालत नाही.

मॅन्युअल गाडी असेल तर सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा. न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थंड, मधासारख्या ऑइलमध्ये घुसळत असतो. क्लच दाबला की ते ओझं सुटतं. फरक कानाला कळण्याइतका पडतो. आणि करंट जास्त येऊनही कारण सापडत नसेल तर बेल्ट उतरवून दोन सेकंद सेल्फ मारून बघा. हलका झाला तर अल्टरनेटर (बॅटरी भरणारा जनरेटर), एसी कंप्रेसर किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग धरतंय. (टायमिंग बेल्ट नव्हे, बाहेरचा.)

बॅटरी आठवड्यात का उतरली

इंजिन साधारण १५०० आरपीएम वर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर बॅटरीच्या खुंट्यांवर: १३.८ ते १४.६ यायला हवेत. मग लाल टोक अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर आणि काळं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर ठेवून मोजा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १३.५ असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे, मधला जोड खातोय. आणि हा जोड बहुतेक तोच निघतो जो सेल्फलाही उपाशी ठेवत होता, कारण अर्थिंगची पट्टी दोघांची एकच.

दुसरा हिशोब छोट्या फेऱ्यांचा. २५० अँपिअरने तीन-चार प्रयत्नांत मिळून तीस सेकंद सेल्फ मारला की सुमारे २ अँपिअर-तास गेले. चार ग्लो प्लग मिळून ५०-६० अँपिअर खेचतात, ते आणखी अर्धा-एक. वर लाइट, ब्लोअर. थंड बॅटरी चार्ज घेतेही हळू. रोजची फेरी दहा मिनिटांची असेल तर खर्च जमेपेक्षा जास्त, आणि आठवड्याभरात बॅटरी निम्म्यावर येते. अशा वापरात आठवड्यातून एकदा बॅटरी रात्रभर चार्जरवर लावणं हाच उपाय. अल्टरनेटरला दोष देऊ नका.

तिसरी शक्यता उभ्या गाडीतली गळती. गाडी लॉक करून अर्धा ते एक तास थांबा, कंट्रोल युनिट झोपू द्या, मग बॅटरीतून जाणारा करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत चालेल. ५०० असतील तर दिवसाला १२ अँपिअर-तास गळतात आणि ७० अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. मीटर वायरीच्या मध्ये जोडला असेल तर त्या अवस्थेत चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. संशयित नेहमीचे: बाहेरून बसवलेला ट्रॅकर, डॅशकॅम, ॲम्प्लिफायर, जादा लाइटचा चिकटलेला रिले, अल्टरनेटरचा फुटका डायोड.

सेल्फ सुधारला, तरी इंजिन उशिरा

तेव्हा ग्लो प्लग. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पडतंय पण पेटत नाहीये. वरची पट्टी काढून प्रत्येक प्लग ओहमवर मोजा: चांगला प्लग साधारण ०.५ ते १.५, गेलेला अनंत. इथे ओहम चालतं, कारण विचारायचं एवढंच असतं की तार जिवंत आहे की तुटली. चारातला एक गेला तरी कडक थंडीत जाणवतं, दोन गेले की रडारड. प्लगला थेट १२ व्होल्ट देऊन तपासायची सवय नव्या गाड्यांवर सोडा. त्यातले बरेच प्लग ५ ते ७ व्होल्टचे असतात आणि क्षणात जळतात. काढायचे ते इंजिन गरम असताना, बुडाशी गंज सोडवणारं ऑइल टाकून, पाना थोडा पुढे थोडा मागे करत. हेडमध्ये तुटलेला प्लग ही संबंध तक्रारीपेक्षा मोठी डोकेदुखी आहे.

प्लग चांगले, धूरही नाही, तर डिझेल पोचत नाहीये: फिल्टर तुंबलेला, त्यात पाणी, थंडीत मेण धरलेलं डिझेल, किंवा रात्रभरात लाइन एअर धरते. फिल्टरजवळ तात्पुरता पारदर्शक पाइपचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. आणि स्कॅनर असेल तर सकाळी चावी ऑन करून कूलंटचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. तिथे ४० अंश दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि ग्लो प्लगला वेळच दिला जात नाहीये.

हे सगळं होईपर्यंत गाडी रोज सुरू तर करावी लागणार. ग्लोचा दिवा विझल्यावर चावी बंद करून पुन्हा एकदा ऑन करा, दुसऱ्यांदा विझल्यावर क्लच दाबून सेल्फ मारा, दहा सेकंदांत सोडा, मिनिट-दोन मिनिटं थांबा. ब्लॉक हीटर बसवलेला असेल तर तो निघण्याआधी दोन-तीन तास पुरतो, रात्रभर नको. ईथरचा स्प्रे ग्लो प्लग असलेल्या इंजिनात कधीही मारू नका; तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा फोडतो. आणि उणे तापमानात पूर्ण उतरलेली बॅटरी जंप करण्याआधी तिच्याकडे नीट बघा. रिकाम्या बॅटरीतलं ॲसिड उणे ७ ते १० अंशांतच गोठू शकतं. कुशी फुगलेल्या असतील किंवा खान्यात बर्फ दिसला तर चिमटे लावू नका. ती काढून उबदार जागेत पूर्ण वितळू द्या, आणि तडा दिसला तर फेकून द्या.